पिप्पीची दुसरी लेखिका

आमच्यापैकी एकाच्या महाविद्यालयात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी विषय दिला होता : 'पिप्पी लाँगस्टॉकिंग : कादंबरी आणि कॉमिक'. अभ्यासपत्रिकेचे नाव 'साहित्याचे माध्यमांतर' असल्यामुळे विषय त्या चौकटीत बसणारा आहे असे तिला वाटले, आणि तसे वाटण्यात तिची काही चूक नव्हती. विषय परत आला. शेऱ्यात दोनच वाक्ये होती. कॉमिक ही स्वतंत्र साहित्यसंहिता नाही, हे पहिले. मूळ कादंबरीवर काम करावे, कॉमिकचा उल्लेख परिशिष्टात केल्यास हरकत नाही, हे दुसरे. त्यानंतर एका चर्चासत्राच्या चहापानात आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हाच निवाडा अधिक मोकळ्या भाषेत दिला. कॉमिक म्हणजे पाणी घातलेले दूध, असे ते म्हणाले, आणि भोवतीच्या चार-पाच जणांनी मान डोलावली.

आम्ही तिघे तीन वेगवेगळ्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो. कॉमिकचे आम्ही तज्ज्ञ नाही. वेताळ आणि इंद्रजाल कॉमिक्सच्या शेवटच्या काही अंकांवर वाढलेल्या पिढीला जेवढे प्रेम असते तेवढेच आमचे. पण ज्या कॉमिकला 'पाणी' म्हटले गेले ती पाने त्या विद्यार्थिनीच्या निमित्ताने आम्ही नीट वाचली, आणि शेऱ्यातले पहिले वाक्य ज्याने लिहिले त्याने ती उघडलेलीही नाहीत अशी आमची खात्री झाली. हा लेख म्हणूनच तक्रारीच्या सुरात आहे. तो सूर लपवण्याचा प्रयत्न आम्ही केलेला नाही.

आधी वस्तुस्थिती. पिप्पीची जन्मकथा बहुतेकांना ठाऊक असते. १९४१ साली स्टॉकहोममध्ये आजारी पडलेल्या कारिन नावाच्या मुलीने आईकडे गोष्ट मागितली, गोष्टीतल्या मुलीचे नावही तिनेच ठरवले, आणि आईने त्या विचित्र नावाला शोभेल अशी विचित्र मुलगी रचली. आई म्हणजे अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन. १९४४ साली पाय मुरगळून घरी बसावे लागले तेव्हा तिने त्या गोष्टी लिहून काढल्या आणि कारिनच्या दहाव्या वाढदिवसाला हस्तलिखित भेट दिले. बॉनिए या मोठ्या प्रकाशनसंस्थेने ते नाकारले. पुनर्लेखन केलेल्या संहितेला १९४५ साली राबेन अँड शेग्रेन या नव्या संस्थेच्या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी पुस्तक निघाले. दुसरे पुस्तक १९४६ चे, तिसरे १९४८ चे.

जन्मकथा सांगणारे बहुतेक जण इथे थांबतात. पण १९४५ च्या त्या पहिल्या पुस्तकातच पिप्पीला डोळ्यांनी पाहता येत होते. गाजराच्या रंगाच्या केसांच्या दोन ताठ, आडव्या वेण्या, एक तपकिरी आणि एक काळा असे लांब मोजे, पावलांच्या दुप्पट लांबीचे बूट. हे सगळे वर्णन लिंडग्रेनचे खरे, पण त्याला अंगकाठी दिली ती इंग्रिड व्हांग नीमान या डॅनिश चित्रकर्तीने. १९१६ साली जन्मलेली, कोपनहेगनच्या कला अकादमीत शिकलेली, १९४२ पासून स्टॉकहोममध्ये राहणारी. १९४७ साली लहान मुलांसाठी पिप्पीचे रंगीत चित्रपुस्तक निघाले, तेही या दोघींचेच. आणि १९५७ ते १९५९ या काळात 'क्लुम्पे दुम्पे' या स्वीडिश बालमासिकात पिप्पीची चित्रमालिका आली : शब्द लिंडग्रेनचे, चित्रे व्हांग नीमानची. १९५९ च्या डिसेंबरात व्हांग नीमानने आत्महत्या केली. वय त्रेचाळीस. मालिकेची पाने पुढे पुस्तकरूपाने स्वीडनमध्ये आली, आणि इंग्रजी वाचकांना ती सलग वाचायला मिळाली ती माँट्रियलच्या ड्रॉन अँड क्वार्टर्लीने २०१२ ते २०१४ या काळात टीना ननली यांच्या भाषांतरात तीन खंड काढले तेव्हा.

आता शेऱ्याकडे वळू. ज्या 'मूळ' कृतीशी कॉमिकची तुलना करून ते दुय्यम ठरवायचे, ती कृती लिहिणारी बाई आणि कॉमिकची संहिता लिहिणारी बाई एकच आहे. ती नुसती लेखिकाही नव्हती. १९४६ पासून १९७० पर्यंत ती राबेन अँड शेग्रेनमध्ये बालसाहित्य विभागाची संपादक होती. कोणता मजकूर कोणत्या माध्यमात चालतो, मुलांच्या हाती काय टिकते, हे तिला कळत नव्हते आणि आमच्या समितीला कळते, असे मानण्याइतका आत्मविश्वास आम्हांला तरी जमणार नाही.

शिवाय काळ पाहा. १९५४ साली अमेरिकेत फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाचे कॉमिकविरोधी पुस्तक आले, सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच आचारसंहिता लादून घेतली. ब्रिटनने १९५५ साली मुलांना घातक ठरणाऱ्या चित्रप्रकाशनांविरुद्ध कायदा केला. फ्रान्समध्ये बालप्रकाशनांवर नजर ठेवणारा कायदा १९४९ पासूनच होता. स्वीडनही मागे नव्हता. निल्स बेयेरूट या डॉक्टराचे मुले, कॉमिक आणि समाज यांच्यावरचे पुस्तक १९५४ चेच. ('स्टॉकहोम सिंड्रोम' या संज्ञेशी पुढे ज्याचे नाव जोडले गेले तोच हा बेयेरूट. ओलिसांच्या मनाचा इतका विचार करणाऱ्याला मुलांच्या मनाचे मात्र भारी भय वाटत होते, हे जाता जाता.) म्हणजे कॉमिक या शब्दाचा उच्चारही सभ्य घरांत जपून व्हायचा, त्या दशकात स्वीडनची एक नामांकित लेखिका आपली सर्वांत लाडकी नायिका कॉमिकमध्ये नेते. याला पाणी घालणे म्हणत नाहीत. ही भूमिका आहे.

पिप्पीला हे आरोप नवे नव्हतेच. १९४६ च्या ऑगस्टमध्ये यॉन लांडक्विस्ट या प्राध्यापक-समीक्षकाने 'आफ्टोनब्लाडेट' या वृत्तपत्रात तिच्यावर तोफ डागली होती. त्याचा मुख्य आक्षेप असा की कोणतेही धड मूल चहाफराळाच्या बैठकीत सबंध केक एकटे फस्त करत नाही, आणि जमिनीवर साखर पसरून तिच्यावरून अनवाणी चालतही नाही. गंमत अशी की हे दोन्ही प्रसंग प्राध्यापकमहाशयांना बरोबर लक्षात राहिले. चित्रासारखे लक्षात राहिले. त्या पुस्तकांत जे जे टिकते ते बहुतेक वेळा चित्रासारखेच टिकते : डोक्यावर तोललेला घोडा, छपरावर पोलिसांशी चाललेला पाठशिवणीचा खेळ, चोरांना नाचवून दमवणारी नऊ वर्षांची पोर.

आमचा पहिला मुद्दा त्यातूनच निघतो. पिप्पी गद्यात जन्मली तरी तिची घडण मुळातच रेषेतली होती. तिचे रूप पक्के, दुरूनही बाह्यरेषेवरून ओळखू यावे असे. तिचे बळ अतिमानवी आणि त्याला कारण नाही. ती वाढत नाही, शिकत नाही, सुधारत नाही. लिंडग्रेनने १९४४ साली बॉनिएला पाठवलेल्या पत्रात या मुलीला बालरूपातला छोटा 'यूबरमेन्श', म्हणजे अतिमानव, म्हटले होते, आणि पत्राच्या अखेरीस बालकल्याण मंडळाला कळवू नये अशी मिस्कील विनंतीही केली होती. शब्द नीत्शेचा आहे. पण १९३८ नंतर तो शब्द उच्चारला की आणखी एक अतिमानव डोळ्यांपुढे येतो, लाल अंगरखा पांघरलेला. लिंडग्रेनच्या मनात तो होता की नव्हता यावर आम्ही पैज लावणार नाही. रचनेच्या दृष्टीने मात्र पिप्पी बालकादंबरीतल्या गुणी मुलींपेक्षा त्याच्या कुळाला अधिक जवळची आहे, हे कोणीही पुस्तक उघडून पाहावे. १९५७ साली ती कॉमिकमध्ये आली ती माहेरी आल्यासारखी.

आता खुद्द पाने. व्हांग नीमानच्या चित्रांत छायाप्रकाश जवळपास नसतो. सपाट, भडक रंग, त्यांना वेढणारी ठाम काळी रेषा, आणि बऱ्याचदा किंचित वरून पाहिल्यासारखा कोन, ज्यामुळे जमीन, टेबल, सतरंजी ही सगळी आपल्याकडे कलंडल्यासारखी दिसतात. जपानी काष्ठमुद्रांचा प्रभाव जाणकार सांगतात, आणि तो दिसतोही. या शैलीने काय साधते? घोडा उचलण्याचे चित्र घ्या. गद्यात हे सांगायचे तर निवेदकाला पिप्पी किती बलवान आहे याची ग्वाही द्यावी लागते. जगात कुठल्याही पोलिसाच्या अंगात तिच्याइतके बळ नव्हते, असे काहीतरी. ग्वाही आली की शंका येते. चित्रात ग्वाही नाही. पिप्पीच्या चेहऱ्यावर श्रम नाहीत, दंडाला पीळ नाही, घामाचा थेंब नाही. घोडा तर पूर्ण निवांत. शरीराचे वजन दाखवण्यासाठी चित्रकलेने शतकानुशतके ज्या युक्त्या कमावल्या त्या सगळ्या व्हांग नीमानने बाजूला ठेवल्या आहेत, आणि वजनच नसलेल्या त्या जगात घोडा उचलणे ही रोजची, साधी गोष्ट होते. पिप्पीच्या विश्वाचा नियम इथे शब्दाविना स्थापित झाला आहे. समीक्षेच्या परिभाषेत याला आशय आणि आकृतिबंधाची एकात्मता म्हणतात. कादंबरीवर बोलताना आम्ही हाच शब्दप्रयोग एका तासात चार वेळा करतो.

उलट उदाहरण फ्रान्सचे. १९५१ च्या फ्रेंच भाषांतरात घोड्याचे तट्टू करण्यात आले, कारण मुलगी घोडा उचलते हे फ्रेंच मुलांना पटणार नाही असे प्रकाशकांना वाटले. त्यावर लिंडग्रेनने तट्टू उचलणाऱ्या फ्रेंच मुलीचे छायाचित्र पाठवण्याची विनंती केली, असे सांगतात. हा किस्सा लोक हसून सोडून देतात. पण त्यात माध्यमाचा प्रश्न दडलेला आहे. विश्वसनीयतेची ही काळजी शब्दांच्या बाजूने येते. व्हांग नीमानचे चित्र समोर असते तर तट्टू करण्याची गरज कोणाला भासली असती का?

तिचे चित्र समोर नसायचे, हे मात्र खरे. फ्रेंच आवृत्तीसाठी दुसरा चित्रकार, १९५० च्या अमेरिकन आवृत्तीसाठी लुई ग्लान्झमन, १९५४ च्या ब्रिटिश आवृत्तीसाठी रिचर्ड केनेडी. पुस्तक जगभर गेले आणि त्याची एक निर्माती सरहद्दीवरच उतरवली गेली. आमच्यातल्या एकाने पिप्पी पहिल्यांदा वाचली ती जिल्हा ग्रंथालयातल्या इंग्रजी प्रतीत, केनेडींच्या चित्रांसह. ती चित्रे वाईट नाहीत. चपळ आहेत, शाईने भराभर काढलेली, पण त्या पिप्पीत वारा आहे आणि ठामपणा नाही. मूळ पिप्पी कशी दिसते हे त्याला वयाच्या पस्तिशीनंतर समजले, तेही ज्यांना 'पाणी' म्हटले गेले त्या कॉमिकच्या खंडांतून! मूळ कृती आणि रूपांतर यांचा क्रम आपण वाटतो तितका सरळ नसतो. इंग्रजी वाचकाच्या दृष्टीने १९५४ ची कादंबरी हेच एक परकी चित्रे लावलेले रूपांतर होते, आणि मूळ जोडी त्याला भेटली ती कॉमिकमध्ये.

आता ज्यात आमची बाजू लंगडी पडते तिथेही जाऊ. कॉमिकमध्ये पिप्पीची जीभ आखडते. कादंबरीतली पिप्पी जितकी बळाने मोठी तितकीच थापांनी. ती उलटी का चालते असे टॉमीने विचारले की ती इजिप्तमध्ये सगळे असेच चालतात असे सांगते, आणि वर दूरच्या हिंदुस्थानात लोक हातांवर चालतात अशी पुस्तीही जोडते. टॉमीने ही थाप पकडली की पिप्पी लगेच कबुली देते, आणि त्या कबुलीच्या पोटातच पुढची थाप असते : बेल्जियन काँगोत एकही माणूस खरे बोलत नाही, तिथे फार दिवस राहिल्यामुळे आपल्याला ही सवय लागली. वाक्यामागून वाक्य रचत नेणारी ही थाप, तिच्यातली लय, आनिकाचा सौम्य निषेध, पिप्पीचे क्षणभर खिन्न होणे, हे संवादाच्या फुग्यात मावत नाही. निवेदकाचा तो गालातल्या गालात हसणारा स्वरही मावत नाही. आईबाप नसणे तसे बरेच, कारण झोपायला जा असे सांगणारे कोणी उरत नाही, असे गंभीर चेहऱ्याने सुचवणारा हा निवेदक लिंडग्रेनच्या गद्याचा प्राण आहे. कॉमिकची पिप्पी हाताने अधिक मोकळी आणि तोंडाने अधिक गरीब आहे. हे आम्ही बिनशर्त कबूल करतो. पण ही कबुली देण्यासाठी आम्हांला दोन्ही संहिता शेजारी ठेवून वाचाव्या लागल्या. लघुप्रबंध म्हणजे दुसरे काय असते? त्या मुलीला नेमके हेच करायचे होते.

थापांचाच धागा पुढे नेला तर एक अवघड जागा लागते. हातांवर चालणाऱ्या हिंदुस्थानी लोकांवर आम्ही वर्गात हसलो आहोत. काँगोच्या वाक्यावर हसणे आता कठीण जाते. तरी कादंबरीत त्या वाक्याला एक कुंपण आहे. बोलणारी स्वतःच आपण खोटे बोलतो असे सांगते आहे, त्यामुळे काँगोविषयीचे विधानही तिच्याच कबुलीने कोसळते. शब्दाला ही सोय असते. चित्राला ती सहजासहजी मिळत नाही. काढलेले चित्र त्या विश्वात खरेच ठरते. पिप्पीचा बाप दक्षिण समुद्रातल्या बेटाचा राजा, आणि तिसऱ्या पुस्तकात मुले त्या बेटावर जातात. तिथे थापेचे कुंपण संपते. राजाच्या बिरुदात कृष्णवर्णीयांसाठी जो शब्द होता तो जर्मन आवृत्तीतून २००९ साली आणि स्वीडिश आवृत्तीतून २०१५ साली काढून 'दक्षिण समुद्राचा राजा' असे करण्यात आले. त्यावर स्वीडनमध्ये वर्तमानपत्रे भरभरून वाद झाला. वाद झाला तो मुख्यतः शब्दावर. पण गोऱ्या मुलीपुढे बेटावरची मुले कशी उभी आहेत, कोण वर आणि कोण खाली, कोणाला चेहरा दिला आहे आणि कोणाला नुसता आकार, हे प्रश्न शब्द बदलून सुटत नाहीत. त्यासाठी चित्र वाचता यावे लागते. व्हांग नीमानला दुसरी लेखिका माना असे आम्ही म्हणतो तेव्हा श्रेयाबरोबर हा जाबही तिच्याकडे जातो. नुसती 'सजावट' करणाऱ्याला जाब विचारता येत नाही. वसाहतवादोत्तर समीक्षा शिकवणारे आमचे विभाग चित्राला संहिता मानायला तयार नसतील, तर या पुस्तकांतल्या सर्वांत टीकार्ह पानांवर त्यांना बोलताच येणार नाही.

समितीपेक्षाही आम्हांला अधिक त्रास झाला तो आमची बाजू घेणाऱ्यांचा. एक बाई म्हणाल्या, अहो, कॉमिकला विरोध कशाला, त्यातूनच मुले पुढे पुस्तकांकडे वळतात. ही जिन्याची उपमा फार लोकप्रिय आहे : कॉमिक ही पहिली पायरी, सचित्र गोष्ट दुसरी, आणि वर कुठेतरी खांडेकर. पायरीवर कोणी राहत नाही. पायरी म्हणणे हा कॉमिकचा सन्मान नाही, ती त्याची सभ्य शब्दांतली हकालपट्टी आहे. आणखी एक पक्ष पिप्पीला स्त्रीवादाची आद्य नायिका म्हणून मिरवतो. त्याच्याशी आमचे भांडण नाही. पण त्या निबंधांत पिप्पी ही जणू एक मतपत्रिका असते. तिचे बळ येते, स्वातंत्र्य येते, पितृसत्ता येते. वेण्या आडव्या का आहेत हे मात्र कोणी विचारत नाही. स्त्रीवादी म्हणून लिहिताना ज्या बाईने ती मुलगी कागदावर उभी केली तिचे नाव त्या निबंधाच्या संदर्भसूचीत नसावे, यातली विसंगती आम्ही एका परिसंवादात दाखवली तेव्हा वक्त्या चमकल्या, आणि मग म्हणाल्या, हो, पण ती इलस्ट्रेटर ना?

या 'ना'मध्ये सगळे आले. व्हांग नीमान आयुष्यभर त्याच्याशीच झगडली. मुलांसाठी काढलेल्या चित्राचा दर्जा मोठ्यांसाठीच्या कलेहून कमी नाही, तो कमी मानला जाऊ नये आणि त्याचा मोबदलाही कमी नसावा, असा तिचा आग्रह होता, आणि त्यापायी प्रकाशकांशी तिचे खटके उडत. छपाईसाठी प्रत्येक रंगाचे वेगळे रेखाटन ती स्वतः करी. ज्या सपाट, ठाम रंगांविषयी आम्ही वर लिहिले ते छापखान्याच्या मर्यादेतून आपोआप उमटलेले नाहीत, ते तिच्या हातचे आहेत. मराठीत तरी आम्ही वेगळे काय करतो? पु. लं.च्या पुस्तकांतली वसंत सरवटे यांची चित्रे आम्हांला तोंडपाठ आहेत. ती माणसे आठवली की आम्हांला सरवट्यांनी काढलेलीच आठवतात. पण परीक्षेत 'व्यक्तिचित्रणाची वैशिष्ट्ये' लिहिताना सरवट्यांचे नाव घेणाऱ्या विद्यार्थ्याला अर्धा गुण जास्त दिल्याचे आमच्यापैकी कोणालाच आठवत नाही. दोष आमचाही आहे, तो समितीवर ढकलून मोकळे होता येणार नाही.

एक निरीक्षण राहून गेले, आणि ते त्या विद्यार्थिनीचे आहे, आमचे नव्हे. तिसऱ्या कादंबरीच्या अखेरीस मुले मोठे न होण्याची गोळी म्हणून वाटाण्याचे दाणे गिळतात. रात्री टॉमी आणि आनिका आपल्या खिडकीतून पाहतात तर पिप्पी एकटीच मेणबत्तीकडे बघत बसलेली, आणि मग ती मेणबत्ती विझवते. बालसाहित्यात इतका एकाकी शेवट क्वचितच असेल. कॉमिकच्या शेवटच्या इंग्रजी खंडाचे शीर्षकही पिप्पीच्या मोठे न होण्याविषयीचेच आहे. ती म्हणाली, "मॅडम, कादंबरीत ही इच्छा आहे, कॉमिकमध्ये ही नुसती माहिती आहे." गद्यात काळ वाहतो, म्हणून मोठे न होण्याची इच्छा करुण वाटते. टॉमी आणि आनिका मोठी होणार हे आपल्याला ठाऊक असते. चौकटीतली मुलगी मोठी होतच नाही, पुढच्या अंकातही ती नऊ वर्षांचीच असते. त्यामुळे तिथे हे शीर्षक वस्तुस्थिती सांगते, आणि विनोदी होते. एकच वाक्य दोन माध्यमांत दोन वेगळ्या काळांत उभे राहते. माध्यमांतराच्या अभ्यासपत्रिकेत याहून चांगले उत्तर आम्ही अनेक वर्षांत तपासलेले नाही.

तिने शेवटी विषय बदलला. आता ती एका ग्रामीण कादंबरीच्या चित्रपट-रूपांतरावर लिहिते आहे. चित्रपट संहितेत बसतो, त्याला तिकीट असते. कॉमिकचे तीन खंड आम्ही वर्गणी काढून घेतले होते, ते विभागाच्या ग्रंथालयाला देऊन टाकले. दाखल नोंदवही भरताना तिथल्या लिपिकांनी विचारले, "सर, लेखकाच्या रकान्यात एकच ओळ आहे, कोणाचे नाव घालू?" आम्ही म्हटले, दोन्ही घाला, बारीक अक्षरात का होईना. त्यांनी पेन टेकवले, जागेचा अंदाज घेतला, आणि सुवाच्य अक्षरात लिहिले : लिंडग्रेन व इतर.